शब्दचर्चा : जैसलमेरचा किल्ला ‘वाळवंटी’, ‘गिरिदुर्ग’ की ‘धन्वदुर्ग’?

प्रश्न

जैसलमेरच्या किल्ल्यावर मी मराठीत एक लेख लिहीत आहे आणि पहिल्याच वाक्याशी अडलो आहे. पर्यटनाच्या मजकुरात त्याला सर्रास ‘वाळवंटी किल्ला’ म्हटलेले आढळते. युनेस्कोने मात्र २०१३ साली चितोडगड, कुंभलगड, रणथंबोर, गागरोण आणि आमेर यांच्यासोबत ‘राजस्थानचे डोंगरी किल्ले’ या नावाखाली त्याची जागतिक वारशात नोंद केली. गिरिदुर्ग, भुईकोट, जलदुर्ग या आपल्या विभागणीत तो कोठे बसतो? तेथील पोल, मोरी, कमरकोट हे शब्द तसेच ठेवावेत की त्यांना मराठी प्रतिशब्द द्यावेत?

पहिले उत्तर

‘वाळवंटी किल्ला’ हा शब्द टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत ‘वाळवंट’ म्हणजे मुळात नदीकाठची वाळूची जागा. चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी जमतात, तेव्हा तेथे रखरखाट अभिप्रेत नसतो, तर पाण्याची जवळीक अभिप्रेत असते. ओसाड, निर्जल प्रदेश हा अर्थ आज रूढ झाला आहे हे खरे. परंतु त्या अर्थानेही हा शब्द जैसलमेरला नीट लागू पडत नाही, कारण शहराभोवतालची जमीन बहुतांशी खडकाळ माळ आहे आणि पर्यटक ज्या टेकड्या पाहायला जातात त्या सम गावच्या वाळूच्या टेकड्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर आहेत.

आपल्या परंपरेत याहून नेमका शब्द तयार आहे, तो ‘धन्वदुर्ग’. ‘धन्वन्’ म्हणजे कोरडी, निर्जल भूमी. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात दुर्गांचे सहा प्रकार सांगताना आरंभच ‘धन्वदुर्गं महीदुर्गम्’ असा केलेला आहे, आणि कुल्लूकभट्टाच्या टीकेत चारही दिशांना पाच योजने पाणी नाही असा मरुप्रदेशाने वेढलेला दुर्ग, असे त्याचे स्पष्टीकरण येते. कौटिल्याने औदक, पार्वत, धान्वन आणि वनदुर्ग असे चार प्रकार मानले असून ‘धान्वन’ची व्याख्या तो ‘निरुदकस्तम्बम् इरिणं वा’, म्हणजे पाणी आणि झुडूप नसलेली किंवा खारपड जमीन, अशी करतो. या व्याख्येत वाळूचा उल्लेखही नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीत तटबुरुजांचाही उल्लेख नाही. किल्ला कशावर उभा आहे यापेक्षा शत्रूला त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी काय ओलांडावे लागते, यावरून हा प्रकार ठरतो.

ही कसोटी जैसलमेरला लावून पाहावी. भाटी राजा रावळ जैसल याने ११५६ मध्ये सुमारे १५ किलोमीटरवरची लोद्रवा ही राजधानी सोडून त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. टेकडीची उंची जेमतेम ७५ मीटर, माथ्याची लांबी सुमारे ४६० मीटर आणि रुंदी सुमारे २३० मीटर. सह्याद्रीतला गड पाहिलेल्या माणसाला ही चढण किरकोळ वाटेल. तटाला ९९ बुरूज असून त्यांतील ९२ बुरूज १६३३ ते १६४७ या काळात बांधले किंवा नव्याने उभारले गेले. तटावर मोठे गोल धोंडे रचून ठेवलेले आजही दिसतात. चढून येणाऱ्यांवर लोटण्यासाठी त्यांची योजना होती. हे सारे गिरिदुर्गाला साजेसे आहे. तथापि अठराव्या शतकात मराठी फौजांनी जयपूर, जोधपूर आणि उदयपूरकडून खंडण्या वसूल केल्या, अजमेर ताब्यात घेतले, आणि तरीही जैसलमेर त्यांच्या स्वाऱ्यांतून सुटले, ते ७५ मीटरच्या चढामुळे नव्हे. ते सुटले त्याच्या आडबाजूच्या, निर्जल प्रदेशामुळे. ‘धन्वदुर्ग’ या शब्दासाठी मराठी वाचकाला याहून चांगले उदाहरण देता येणार नाही.

दुसरे उत्तर

वरील मांडणी मला बहुतांशी मान्य आहे. परंतु ‘गिरिदुर्ग’ पूर्णपणे खोडू नये. गावाच्या नावातच डोंगर आहे: जैसलमेर म्हणजे ‘जैसलाचा मेरू’. शिवाय निर्जल प्रदेशाने किल्ला नेहमीच राखला असेही नाही. अलाउद्दीन खल्जीच्या फौजेने दीर्घ वेढ्यानंतर तो घेतला, असे भाटी घराण्याची परंपरा सांगते आणि जैसलमेरचे ‘अडीच साके’ (साका म्हणजे स्त्रियांचा जोहार आणि पुरुषांची मरेपर्यंतची झुंज) राजस्थानात सर्वतोमुखी आहेत. ‘टेकडीवरचा धन्वदुर्ग’ असे लिहिल्यास दोन्ही बाजूंना न्याय मिळेल.

आता स्थानिक शब्दांविषयी. ‘पोल’ असे न लिहिता ‘पोळ’ असे लिहावे. राजस्थानीत ‘ळ’ आहे. तेथील लोक ‘सूरजपोळ’, ‘गणेशपोळ’, इतकेच नव्हे तर ‘जैसळमेर’ असाच उच्चार करतात. हिंदी लेखनातून येताना हा ‘ळ’ हरवतो, आणि मराठीजवळ ते अक्षर असताना आपण तो हरवू द्यावा याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘पोळ’ हा संस्कृत ‘प्रतोली’चा वंशज आहे आणि ‘प्रतोली’ हा शब्द कौटिल्याच्या दुर्गविधानातही येतो. अखैपोळ, सूरजपोळ, गणेशपोळ आणि हवापोळ असे चार दरवाजे वळणे घेत ओलांडल्यावर माणूस राजवाड्यासमोरच्या दसरा चौकात पोहोचतो. एकदा ‘पोळ म्हणजे दरवाजा’ असे सांगून पुढे मूळ शब्दच वापरावा.

‘मोरी’बाबत मात्र सावध राहावे. जैसलमेरला मोरी म्हणजे दोन तटांमधली फिरण्याची वाट. मराठी वाचक ‘मोरी’ हा शब्द वाचताच न्हाणीची किंवा सांडपाण्याची जागा डोळ्यांसमोर आणील. म्हणून पहिल्या उल्लेखातच अर्थ द्यावा. ‘कमरकोट’ला आपला ‘पडकोट’ जवळचा आहे, पण किल्ल्याच्या कमरेला वेढणारा कोट ही प्रतिमा इतकी सुबोध आहे की तो शब्द बदलण्याचे कारण दिसत नाही.

तिसरे उत्तर

एक लहानशी भर. ‘सोनार किल्ला’ असे मराठीत लिहू नये. सत्यजित राय यांच्या १९७४ च्या बंगाली चित्रपटाने हे नाव दूरवर पोहोचवले. बंगालीत ‘सोनार’ म्हणजे ‘सोन्याचा’, ही साधी षष्ठी आहे. मराठीत सोनार म्हणजे दागिने घडवणारा कारागीर, त्यामुळे हा किल्ला सोनारांनी बांधला असावा, असा समज होतो. पिवळ्या वालुकाश्मावर मावळतीचे ऊन पडले की जो रंग येतो, त्याला ‘सोनेरी किल्ला’ हे नाव पुरेसे आहे. तसेच, आतमध्ये आजही कुटुंबे राहतात, पार्श्वनाथ व संभवनाथ यांची जैन मंदिरे आणि लक्ष्मीनाथाचे मंदिर पूजेत आहे. अशा किल्ल्याला ‘जिवंत किल्ला’ म्हणण्यापेक्षा ‘नांदता किल्ला’ म्हणावे.

प्रश्नकर्त्याकडून

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. ‘टेकडीवरचा, नांदता धन्वदुर्ग’ असा आरंभ मी केला आहे. लिहिताना एक गोष्ट नव्याने लक्षात आली. या टेकडीत वालुकाश्माबरोबर मातीचे मऊ थरही आहेत. पूर्वी आतील विहिरींचे आणि खालच्या गडीसर तलावाचे पाणी जपून, घागरीने वापरले जात होते. नळ आल्यावर वापर अनेक पटींनी वाढला, सांडपाणी थरांत मुरू लागले आणि काही बुरूज ढासळले. १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने हा किल्ला धोक्यातील वास्तूंच्या यादीत घेतला, तो याच कारणाने. ‘निरुदक’ ही कौटिल्याची अट किल्ल्याबाहेरच्या जमिनीसाठी होती. टेकडीच्या पोटालाही ती तितकीच लागू आहे, हे वाक्य मी लेखात घालत आहे.