लिफ्टमधला 'पुट'

साने काका (अ-४०२): लिफ्टमध्ये तो इंग्रजी शब्दांचा तक्ता कोणी लावला आहे? नातू येता-जाता वाचतो. आज वर्गात 'पुट'ला खणखणीत 'पट' वाचून आला. सगळा वर्ग हसला. विचारलं तर म्हणतो, आजोबा, बट, कट, नट, हट, रट आणि त्याच रांगेत खाली पट, लिफ्टमध्येच लिहिलंय. आता बोला.

मुग्धा (ब-१०३): काका, मी लावलाय. खाली माझं नाव आहे. वाचनवर्गाच्या मुलांसाठी आहे. शेवट सारखा असलेले छोटे शब्द आणि समोर मराठी अर्थ. एक शेवट बसला की मूल एका दमात आठ शब्द वाचतं.

सेक्रेटरी बर्वे: लिफ्टमध्ये काहीही चिकटवायला कमिटीची लेखी परवानगी लागते. ठराव झालेला आहे.

साने काका (अ-४०२): आठातला एक चुकीचा वाचला त्याचं काय?

शिंदे (क-२०१): काका, मला तर तो तक्ता मराठीच वाटला होता 😄 कट म्हणजे कारस्थान, नट म्हणजे अभिनेता, गट म्हणजे आपली कमिटी, बट म्हणजे केसांची, पट म्हणजे सोंगट्यांचा. सगळं बरोबर आहे की!

तन्मय (अ-१०४): 'जट' राहिली. महिनाभर विंचरलं नाही की होते ती.

सेक्रेटरी बर्वे: कमिटी म्हणजे गट नव्हे. कमिटी निवडून आलेली आहे.

शिंदे (क-२०१): बिनविरोध आलेली आहे 🙏

वैशाली (ब-३०२): विषय भरकटवू नका. मुग्धा, तक्ता छान आहे. पण 'रट'समोर 'चाकोरी' लिहिलंय ते बरोबर आहे का? माझी मुलगी विचारत होती चाकोरी म्हणजे काय. मलाच सांगता येईना.

मुग्धा (ब-१०३): बरोबर आहे ताई. ओल्या मातीत चाकं जाऊन जाऊन जी खाच पडते ती रट. चाकोरी म्हणजेही मुळात चाकाची वाटच. आणि दोन्ही भाषांत त्याच शब्दाने तेच तेच आयुष्यही सांगतात. तो शब्द मिळाला तेव्हा मला फार आनंद झाला होता, खरं सांगते. बाकीचे सरळ आहेत. हट झोपडी, गट आतडं, जट म्हणजे बाहेर डोकावणं.

साने काका (अ-४०२): आणि पुट?

मुग्धा (ब-१०३): स्पेलिंगचा शेवट सारखा म्हणून त्या रांगेत गेला. अर्थ 'ठेवणे' लिहिलाय.

साने काका (अ-४०२): म्हणजे चूक मान्य.

नाडकर्णी बाई (क-४०१): मी इतका वेळ वाचत होते. चूक मुग्धाची कमी आणि इंग्रजांची जास्त. जुन्या इंग्रजीत 'बट', 'कट', 'नट' या सगळ्यांत 'पुट'सारखाच ऱ्हस्व उ होता. १७ व्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडात तो उ सैल पडून आपल्या अ-जवळ आला. 'पुट' मात्र जागचा हलला नाही. उत्तर इंग्लंडात तर हा बदल पोहोचलाच नाही, तिथे अजून कित्येकांच्या तोंडी बट आणि पुट यांचं यमक जुळतं. तिथली मुलं हाच तक्ता एका सुरात वाचतील, फक्त सगळे शब्द उ-चे.

तन्मय (अ-१०४): म्हणजे काकांचा नातू चुकला नाही, तो फक्त इंग्रजांपेक्षा जास्त शिस्तीचा आहे.

साने काका (अ-४०२): बाई, पुटच का राहिला? काही कारण असेलच ना.

नाडकर्णी बाई (क-४०१): प, ब, फ म्हणताना ओठ आधीच जुळलेले असतात, त्यामुळे पुढचा उ टिकायला मदत होते. पुल, पुश, बुल, फुल, बुश असेच राहिले.

साने काका (अ-४०२): मग 'बट'मध्ये ब नाही का?

नाडकर्णी बाई (क-४०१): आहे. म्हणून याला नियम म्हणत नाही, कल म्हणते. पुढे ल किंवा श असला की उ जास्त टिकलेला दिसतो. पुढे ट असून टिकलेला पुट हा त्यातही हट्टी. आणि गंमत बघा, त्याच स्पेलिंगला शेवटी आणखी एक टी जोडला की खरंच 'पट' होतं. गोल्फमध्ये चेंडू हलकेच ढकलतात ना, तो पट.

शिंदे (क-२०१): काका, शाळेत सांगा, नातू गोल्फचं वाचत होता.

सेक्रेटरी बर्वे: पुन्हा सांगतो. लिफ्टमध्ये काहीही चिकटवायला कमिटीची लेखी परवानगी लागते. ठराव झालेला आहे.

वैशाली (ब-३०२): बर्वेसाहेब, तुमची स्वतःची थकबाकीदारांची यादी त्याच लिफ्टमध्ये दोन महिने होती. तेव्हा परवानगी कोणी दिली होती?

सेक्रेटरी बर्वे: ती सूचना होती. आणि त्यात तुमचं नाव कसं आलं हे मी मागेच समजावून सांगितलं आहे.

वैशाली (ब-३०२): समजावून नाही, फक्त सांगितलं होतं.

तन्मय (अ-१०४): हट, गट, कट. तक्ता जिवंत झाला.

मुग्धा (ब-१०३): मी मुलांसाठी फुकट वेळ देते. सूचना करा, पण वर्गाला एकदा तरी येऊन बघा. 'कॅट, मॅट, रॅट'च्या तक्त्याबद्दल कुणी चांगलं बोललं नाही.

वैशाली (ब-३०२): बोलणार होते गं. त्यात फक्त 'व्हॅट' म्हणजे कर ना? तू पिंप लिहिलंयस.

मुग्धा (ब-१०३): पिंपच. कराचा व्हॅट ही तीन शब्दांची आद्याक्षरं आहेत. हा मोठ्या टाकीचा, पिंपाचा जुना शब्द.

नाडकर्णी बाई (क-४०१): मूळचा 'फॅट'. दक्षिणेकडच्या बोलीत फ-चा व्ह झाला आणि तेच रूप टिकलं. जाड या अर्थाचा फॅट वेगळा. त्या रांगेतही एक चोर बसू शकतो बरं का. 'व्हॉट'चा शेवटही ए-टी आहे, पण तो कॅटसारखा वाचून चालत नाही. डब्ल्यूच्या ओठांनी तिथे अ‍ॅ-चा ऑ केला. वॉज, वॉच, स्वॉन तसेच.

मुग्धा (ब-१०३): तो मी घातलेला नाही! तेवढं कळतं मला.

नाडकर्णी बाई (क-४०१): तुला नाही गं म्हटलं.

तन्मय (अ-१०४): आणि ओ-यू-जी-एच? टफ, कॉफ, थ्रू, दो. चार शब्द, चार तोंडं.

साने काका (अ-४०२): ते आत्ता नको, तो शेजारी बसून वाचतोय. सोमवारी चाचणी आहे. 'पुट'चा अर्थ ठेवणे लिहायचा की घालणे?

नाडकर्णी बाई (क-४०१): ठेवणे. अंगात घालणे म्हणजे पुट ऑन.

साने काका (अ-४०२): धन्यवाद बाई. मुग्धा, राग नाही हं. पण तेवढा एक शब्द काढ.

मुग्धा (ब-१०३): कात्री घेऊन लिफ्टपाशीच आलेय. 'पुट'ची पट्टी कापते आणि खाली वेगळी लावते, पुल, पुश, बुल, फुलसोबत.

शिंदे (क-२०१): म्हणजे शेवटी पुटचा कटच.

सेक्रेटरी बर्वे: वेगळी लावायला वेगळी परवानगी लागेल. आणि कात्रीने लिफ्टच्या पत्र्यावर ओरखडे पाडू नयेत.