मदत हवी आहे: नेव्हीच्या जहाजांवर लॅगिंग केलेल्या वडिलांना अ‍ॅस्बेस्टोसिस (अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार), भरपाईचा दावा पुण्यातून करता येईल का?

नमस्कार मंडळी, आम्ही धायरीला राहतो. बाबा सत्तरीच्या पुढे आहेत, तरुणपणी मुंबईत ठेकेदाराकडे लॅगर होते. नेव्हीच्या जहाजांच्या इंजिन रूममधल्या वाफेच्या पाइपांवरचं जुनं अ‍ॅस्बेस्टॉस खरवडून काढायचं, नवीन दोरी गुंडाळायची न वरून लेप द्यायचा. मास्क कुठला, तोंडाला रुमाल बांधायचा बस्स. आता जिना चढताना दम लागतो, एचआरसीटी (छातीचा सीटी स्कॅन) केलं तर अ‍ॅस्बेस्टोसिस निघालं. बाबांनी आयुष्यात विडी ओढली नाही तरी भेटेल तो आधी तेच विचारतो, वैताग येतो अगदी.

गुगलवर बघावं तर सगळे अमेरिकन नेव्हीवाल्यांचे वकील. शेजारचे काका म्हणतात आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलला जा. ठेकेदार तर कधीच गाशा गुंडाळून गेलाय. हातात आहे फक्त एक जुना गेटपास आणि पीएफची स्लिप. कुणी असा दावा केलाय का?

प्रतिसाद:
ट्रायब्युनल सैन्यातल्या लोकांसाठी आहे, तुमचे बाबा कामगार, त्यांचा तिथे संबंध नाही. अमेरिकेतले पैसे बरेचसे तिथल्या दिवाळखोर कंपन्यांच्या ट्रस्टमधून मिळतात, ते पण सोडा. तुमचा रस्ता १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचा (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने, म्हणजे नव्या लेबर कोडने घेतली), त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अ‍ॅस्बेस्टोसिस होतं. ठेकेदार गेला तरी ज्यांनी त्याला काम दिलं त्यांच्यावर त्या कायद्याच्या कलम १२ खाली दावा लावता यायचा, आणि १९९५ च्या दुरुस्तीनंतर राहत्या ठिकाणी दाखल करता यायचा, म्हणजे पुण्यात. त्या वेळी पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापत होते का ते आधी बघा, कापत असतील तर मग हा दावा चालत नाही, ईएसआयकडेच जावं लागतं.

खरी अडचण मुदतीची. तो कायदा म्हणायचा काम सोडल्यापासून दोन वर्षांत लक्षणं दिसली तर दावा, आणि हा आजार वर यायलाच वीस-तीस वर्षं घेतो! पण सबळ कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार आयुक्तांना आहे, तिथेच जोर लावा. रिपोर्टची तारीख महत्त्वाची, आणि डॉक्टरांकडून पूर्वी काय काम करत होते ते लेखी नोंदवून घ्या.

धागाकर्ता:
ईएसआय होतं का ते बाबांना आठवत नाही. सोबत काम केलेले एक काका चिंचवडला आहेत, त्यांचं प्रतिज्ञापत्र चालेल का? आणि नवीन लेबर कोडमध्ये जुन्या केसेस कुठे बसतात?