चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय, गाडी मिसिंग करते आहे: मदत हवी (नागपूर)

नमस्कार. गाडी पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडरची, २०१६ची, ७२,००० किमी झालेली.

सोमवारी संध्याकाळी आईला घेऊन बुटीबोरीहून मनीषनगरला घरी येत होते. वर्धा रोडवर जामठ्याच्या स्टेडियमजवळ ट्रकला ओव्हरटेक करायला अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर गाडीने तीनचार झटके दिले, पिकअप गेला आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. पाय सैल केला की दिवा नुसता जळत राहायचा, जोर दिला की पुन्हा लुकलुक. अंधार, पाऊस, बाजूला आई. थांबायची हिंमत झाली नाही, तशीच घरी आणली. उतरले तेव्हा गाडीखालून कच्च्या पेट्रोलचा वास येत होता आणि आयडलिंगला अख्खी गाडी थरथरत होती.

मंगळवारी एका गॅरेजमध्ये नेली. बॉनेट उघडून, स्कॅनर न लावताच सांगितलं: चारही इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) बदला. आकडा ऐकून मी गाडी परत आणली. दुसऱ्या एकाने सल्ला दिला की बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, दिवा जातो. ते अजून केलेलं नाही.

ऑफिसमधल्या एकाकडून ब्लूटूथवाला ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा) आणला. कोड दोन आले: पी०३०० आणि पी०३०३. एक गोष्ट सांगायची राहिली, रविवारी वॉशिंग सेंटरवर इंजिन प्रेशरने धुऊन घेतलं होतं.

शनिवारी आईला अमरावतीला मावशीकडे न्यायचं आहे. कोंढाळी-तळेगावच्या रस्त्यावर तिला घेऊन अडकायचं नाही. काय तपासू, कोणत्या क्रमाने? आणि तशीच घरी आणली त्यात किती नुकसान झालं असेल?

प्रतिसाद:
ताई, आधी एक ऐका. हा दिवा नुसता जळत असेल तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. आतली सिरॅमिकची जाळी इतकी तापते की वितळूही शकते. पाचसहाशेच्या प्लगचं दुखणं मग हजारोंत जातं. आता टोइंगशिवाय हलवू नका.

बॅटरीची वायर काढू नका. दिवा जाईल, पण कोडही पुसला जाईल आणि बिघाड तिथल्या तिथेच राहील. रीडरच्या अ‍ॅपमध्ये फ्रीझ फ्रेम बघा. बिघाड नोंदला गेला तेव्हाचा आरपीएम, लोड, इंजिनचं तापमान त्यात असतं. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पी०३०३ म्हणजे ३ नंबरचा सिलिंडर नीट फायर होत नाही. पी०३०० म्हणजे मिसफायर आहे, पण एकाच सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. आडव्या बसवलेल्या इंजिनात १ नंबर बहुधा टायमिंग चेनच्या बाजूला असतो, तिथून मोजा. मॅन्युअल बघून खात्री करा.

इंजिन पूर्ण थंड असताना, चावी काढून, ३ नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) काढा. बहुतेक गाड्यांत एकच १० मिमीचा बोल्ट असतो. कनेक्टरची लॉकपट्टी दाबून सोडवा, वायर ओढू नका. विहिरीत, म्हणजे कॉइलखालच्या प्लगच्या खोल खड्ड्यात, टॉर्च मारा. पाणी असेल तर धुण्याचं. ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं. कोरडं असेल तर ही कॉइल २ नंबरवर आणि २ची इथे बसवा, कोड पुसा, गाडी उभ्या जागी दोनतीन मिनिटंच चालू ठेवा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. पी०३०३च राहिला तर हाच प्रकार प्लगचा करा. त्यानंतर इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). इंजेक्टरपासून सुरुवात करायला सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रतिसाद:
प्लग किती किमीचे आहेत? साधे निकेलचे असतील तर ७२,०००ला केव्हाच संपले. झिजलेल्या प्लगचा गॅप वाढतो आणि तेवढी ठिणगी पाडताना कॉइलवर ताण येतो. कॉइल एक बदला, प्लग मात्र चारही. आणि पान्याला जोर लावू नका भाऊ, हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर मोठं काम निघेल.

धागाकर्ती:
भाऊ नाही, ताई. पण सल्ला अगदी बरोबर निघाला.

काल सकाळी आईने टॉर्च धरला आणि मी कॉइल काढली. ३ नंबरच्या विहिरीत तळाशी पाणी होतं, कॉइलचं रबर भिजलेलं आणि त्यावर ठिणगी सरकल्याची बारीक पांढरी रेघ. पाणी कपड्याने टिपलं, मग पंप लावून उडवलं, कारण प्लग काढल्यावर तेच पाणी सिलिंडरमध्ये गेलं असतं. कॉइल २ नंबरवर बसवून गाडी चालू केली, थरथर तीच आणि कोड पी०३०२. तो आकडा बघून मला किती हायसं वाटलं, सांगता येत नाही.

कॉटन मार्केटकडून कॉइल आणि चार प्लग आणले, ओळखीच्या मेकॅनिककडून टॉर्क रेंचने बसवून घेतले. जुने प्लग कंपनीचेच होते, एकदाही बदललेले नव्हते. आज रिंग रोडला ४० किमी फिरवली. झटका नाही, दिवा नाही.

कन्व्हर्टरची धाकधूक अजून आहे. पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) आलेला नाही, पिकअप पूर्वीसारखा आहे, खालून खडखड नाही. रीडर शनिवारीही लावूनच ठेवणार आहे. अमरावतीपर्यंत अजून काय बघू?

प्रतिसाद:
मागच्या, म्हणजे कन्व्हर्टरनंतरच्या, ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज. गाडी तापल्यावर एकसारख्या वेगात ते जवळपास स्थिर राहिलं पाहिजे. पुढच्या सेन्सरसारखं भराभर वरखाली होत असेल तर जाळी गेली समजा. आणि इंजिन पुन्हा प्रेशरने धुऊ नका.