कंपन्या धंदाच करत होत्या, म्हणून सुटल्या?

हुकूमशाहीत कंपन्या फक्त आपला धंदा सांभाळत होत्या, अत्याचार लष्कराने केले, असं काहीजण म्हणतात. अजिबात पटलं नाही. अर्जेंटिनातल्या फोर्डचा खटला बघा. १९७६च्या लष्करी उठावानंतर जनरल पाचेको नावाच्या शहरातल्या फोर्डच्या कारखान्यातून कामगारांना, विशेषतः युनियनच्या प्रतिनिधींना, थेट कामावरून उचललं. काहींना तर कारखान्याच्याच आवारात डांबून मारहाण झाली. त्यांचे फोटो आणि घरचे पत्ते लष्कराला मिळाले ते कंपनीच्या दफ्तरातून. आणि कहर म्हणजे, माणूस कोठडीत असताना त्याच्या घरी कंपनीची तार: कामावर हजर व्हा, नाहीतर नोकरी गेली!

२०१८ साली २४ कामगारांच्या या प्रकरणात फोर्डच्या दोन माजी अधिकाऱ्यांना, एक उत्पादन विभागाचा आणि दुसरा सुरक्षा विभागाचा, अनुक्रमे १० आणि १२ वर्षांची शिक्षा झाली. तोवर चार दशकं उलटून गेली होती. कंपनी स्वतः मात्र आरोपी नव्हतीच, आणि माझा राग नेमका यावर आहे. दक्षिण आफ्रिकेतही वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आयोगाने कंपन्यांवर एकदाच लावायचा संपत्ती कर सुचवला होता. तिथल्या सरकारने तोही फेटाळला.