शब्दचर्चा: जमिनीचं ‘पुनर्वसन’ होतं का?

भाषांतरहमाल:
एका मासिकासाठी नाउरूवरचा लेख मराठीत करतेय आणि दोन दिवस एकाच शब्दाशी अडलेय. पॅसिफिकमधलं हे 21 चौरस किलोमीटरचं बेट म्हणजे अख्खा देश, वस्ती साधारण 12 हजार. 1907 पासून तिथून खतासाठी लागणारं फॉस्फेट जहाजांत भरून बाहेर गेलं आणि बेटाच्या जवळजवळ चार पंचमांश भागाची चाळण झाली. वस्ती बहुतेक सगळी किनाऱ्यालगतच्या दीडशे-तीनशे मीटर रुंद पट्ट्यात, आणि समुद्र चढतोय. म्हणून मधलं खणलेलं पठार नीट करून घरं तिकडे हलवायची, अशी ‘हायर ग्राउंड’ योजना आहे. मूळ शब्द ‘लँड रिहॅबिलिटेशन’. मी ‘जमिनीचे पुनर्वसन’ लिहिलं, तर संपादकांची लाल खूण.

जुना कारकून:
संपादक बरोबर आहेत. पुनर्वसन माणसांचं होतं. वस् म्हणजे राहणं. कोयनेपासून मराठी माणसाच्या कानात हा शब्द धरणग्रस्तांसोबतच येतो. ‘जमिनीचे पुनर्वसन’ वाचून मला तरी जमीन ट्रकमध्ये घालून दुसऱ्या गावी नेली असं वाटेल. ‘भूसुधार’ लिहा.

चिंचोका:
भूसुधार फार सौम्य आहे हो. चोपण जमिनीत जिप्सम टाकलं की झाला भूसुधार. इथे प्रवाळाच्या चुनखडीचे सुळके उभे आहेत, फॉस्फेट होतं ते या सुळक्यांच्या मधल्या फटींत. ते खरवडून नेलं आणि सुळके तसेच राहिले. दाढांमधलं मांस कोरून काढावं आणि जबडा उन्हात टाकून द्यावा, तसं दिसतं ते. तिथे चालायला जागा नाही, नांगर कुठला घालता?

आणि ‘डिग्रेडेड’ला काय लिहिलंय? ‘निकृष्ट’ असेल तर आधी ते काढा. निकृष्ट म्हणजे मुळातच हलकी. ही तर जगात ज्यासाठी मारामारी होती अशी जमीन होती.

भाषांतरहमाल:
‘निकृष्ट’च होतं. काढलं. :)

जुना कारकून:
वनखातं ‘अवनत’ म्हणतं. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ असतो, पण तो लागवडीला न येणाऱ्या तुकड्याचा हिशेब, कोणी खराब केली ते त्यात येत नाही. ‘पडीक’ तर नकोच, पडीक जमीन उद्या वहितीखाली येऊ शकते.

सडेकर:
‘खाणग्रस्त’ का नको? तालुका दुष्काळग्रस्त होतो, मग जमीन खाणग्रस्त होईल. कोणामुळे झालं तेही त्यातच आलं.

आमच्याकडे कोकणात जांभ्या दगडाच्या चिरेखाणी आहेत. काम संपलं की सरळ भिंतींचा चौकोनी खड्डा उरतो, पावसात त्यात पाणी साठतं. आमच्या काकांनी एक खाण बुजवली, भराव घातला, वर बाहेरची माती आणून काजूची कलमं लावली. घरात कोणी ‘पुनर्वसन’ म्हणालं नाही, ‘खाण बुजवली’ एवढंच. पण नाउरूत उलटं करतात ना? खड्डे भरण्याआधी सुळके खाली आणायचे. म्हणजे ‘सपाटीकरण’ आलंच. वर माती कुठून आणणार, हा मला पडलेला प्रश्न.

बाय द वे, तिथले लोक वरच्या भागाला ‘टॉपसाइड’ आणि किनाऱ्याला ‘बॉटमसाइड’ म्हणतात. आपल्याकडे वलाटी आणि खलाटी तयार आहेत की!

चिंचोका:
खलाटी झकास. वलाटी मात्र डोंगराळ, थेट सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत जाते. इथे पठार आहे, म्हणून ‘माथा’ म्हणा. ‘सडा’ (कोकणातलं कातळाचं पठार) सुचवणार होतो, पण सडा निसर्गानेच उघडा असतो. यांच्या माथ्यावर झाडं होती.

आता मूळ मुद्दा. नाउरूच्या बाबतीत ‘पुनर्वसन’ घोळाचं आहे ते व्याकरणामुळे नाही. 1960च्या दशकात, तेव्हा नाउरूचा कारभार पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियाने या लोकांचंच पुनर्वसन करायचा घाट घातला होता, आपल्याच क्वीन्सलँड राज्याजवळच्या कर्टिस बेटावर. आमचं नागरिकत्व देऊ म्हणाले, पण तिथे स्वतंत्र देश म्हणून राहता येणार नाही. 1964 मध्ये यांनी नकार दिला. 1968 मध्ये स्वतंत्र झाले, आणि 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, की 1967 पूर्वी खणलेली जमीन तुम्ही नीट करून द्या. 1993 मध्ये ऑस्ट्रेलियाने 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड केली. म्हणजे भांडण हेच होतं: माणसं हलवायची की जमीन दुरुस्त करायची. मराठीत दोन्हीला एकच शब्द वापरलात तर वाचकाला हे भांडणच दिसणार नाही.

(ज्यांनी तेव्हा दुसऱ्याचं नागरिकत्व नाकारलं, ते आता माथ्यावरच्या कामासाठी स्वतःचं विकतायत; 2025च्या सुरुवातीला दर 1 लाख 5 हजार अमेरिकी डॉलरपासून होता. असो, विषयांतर.)

जुना कारकून:
हे पटलं. मग ‘आबाद करणे’ कसं वाटतं? जुन्या कागदांत जमीन आबाद होते आणि गावही आबाद होतं. पीक आणि वस्ती, दोन्ही त्यात येतं. विरुद्ध शब्द ‘ओसाड’, तोही दोन्हीला चालतो.

भाषांतरहमाल:
वा काका! शीर्षकाला ‘आबाद’ घेते. मजकुरात जमिनीसाठी ‘दुरुस्ती’, आणि ‘पुनर्वसन’ फक्त कर्टिस बेटाच्या परिच्छेदात. वाक्य असं झालंय: ‘सुळके पाडून खाणग्रस्त माथा आबाद करायचा आणि खलाटीतली घरं टप्प्याटप्प्याने वर न्यायची.’ चालेल?

सडेकर:
‘पाडून’ नको, ‘फोडून’ लिहा. पाडलेला सुळका आडवा पडून राहील. तिथे त्याची खडी करतात.