केमो चालू असताना रक्त पातळ करायचं इंजेक्शन? (सोसायटी ग्रुप, जळगाव)

बी-३०२: जठराच्या कॅन्सरची केमो चालू, त्यात पायात गुठळी. एनोक्सापॅरिन (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) दिलंय. पोटात गाठ असताना रक्त पातळ केलं तर आतून रक्त नाही का जाणार? गोळी चालत नाही का, रोज दोन सुया कशाला?

ए-१०४, मेडिकल: भीती खोटी नाही भो. पण जठर आणि स्वादुपिंड हे गुठळ्या करणारे सगळ्यात वाईट कॅन्सर. केमोत गुठळीचा धोका मोजायच्या खोराना स्कोअरमध्ये या दोघांनाच थेट २ गुण. केमोत सिस्प्लॅटिन हे औषध असेल तर धोका अजून वाढतो. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

गोळीचं म्हणाल, तर गाठ अजून जागेवर असेल तर रिव्हारोक्साबॅन, एडोक्साबॅन या रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी पोटातून रक्त जायचं प्रमाण जास्त. जठर काढलेलं असेल तर रिव्हारोक्साबॅन पुरेसं शोषलं जाईल याचा भरवसा नाही. वॉरफरिन ही रक्त पातळ करायची जुनी गोळी तर कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीसोबत नकोच, आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारी तपासणी) कधी उडी मारेल सांगता येत नाही.

सी-२०१, सिस्टर: डोस किलोला १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. या आजारात वजन झपाट्याने उतरतं आणि कागदावर जुनाच डोस राहतो. दर केमोला वजन करून डॉक्टरांना सांगा.

टोचताना बेंबीपासून चार बोटं लांब, ऑपरेशनचा व्रण अन् नळी टाळून. कातडीची घडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, औषध संपेपर्यंत चिमटी सोडायची नाही. नंतर चोळायचं नाही, चोळलं की निळंजांभळं होतं. सिरिंज पूर्ण द्यायची असेल तर आतला हवेचा बुडबुडा काढू नका, काढताना औषधच सांडतं. एक दिवस डावी बाजू, एक दिवस उजवी.

डी-४०३: मेथी-पालक बंद करायचं का?

सी-२०१, सिस्टर: ते वॉरफरिनवाल्यांसाठी. इथे भाजी खा, फक्त ठेचा-रस्सा पोटाला झेपेल तेवढाच.

ए-१०४, मेडिकल: मे महिन्यात इंजेक्शनं डिक्कीत ठेवू नका, आपल्याकडे पारा ४५ ला जातो. फ्रीझरमध्येही नको.

आणि उन्हाळ्यात उलट्या-जुलाब झाले की अंगातलं पाणी जातं, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढतं. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणजे तोच डोस अंगात साचतो. उलट्या थांबत नसतील तर क्रिएटिनिन करून डॉक्टरांना फोन, पुढची सुई त्यांना विचारूनच.

बी-३०२: प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी झाल्या तर?

सी-२०१, सिस्टर: केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत उतरतात. ५०,००० खाली गेल्या की डॉक्टर सहसा डोस निम्मा करतात, २५,००० खाली बंद. पण गुठळी ताजी असेल तर हिशेब वेगळा, मनाने थांबवू नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या घरात नकोच. ताप १००.४ च्या वर गेला तर पॅरासिटामॉलने दाबू नका, आधी फोन.

डी-४०३: शौच काळी झाली म्हणजे रक्तच ना?

सी-२०१, सिस्टर: लोहाच्या गोळीनेही काळी होते. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची असेल, किंवा उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी, तर सकाळची वाट न पाहता कॅज्युअल्टी. जाताना शेवटची सुई किती वाजता दिली ते कागदावर लिहून न्या.