ताईच्या बाळंतपणासाठी आई-बाबांचा जर्मनीचा व्हिसा : शेतकऱ्याच्या घरचे कागद कसे लावायचे?

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. हिंगणघाटपासून चौदा किलोमीटरवर आमचं गाव. बारा एकर शेती, त्यात आठ एकर कपाशी, बाकी सोयाबीन आणि तूर. ताई-भाऊजी श्टुटगार्टजवळ नोकरीला आहेत. ताईला डॉक्टरनं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. आईनं जायचं हे पक्कं. पण आई म्हणते, 'मले एकटीनं इमानात बसनं होत नाही', म्हणून बाबाही. दोघांनीही आजवर नागपूरच्या पुढं रेल्वेसुद्धा पाहिली नाही, फक्त एकदा पंढरपूर.

पासपोर्ट झाले. पोळा झाल्यावर नागपूरच्या एका एजंटाकडे गेलो. त्यानं तीन गोष्टी मागितल्या : तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न, नोकरीच्या ठिकाणचं पत्र आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. रिटर्न बाबांनी जन्मात भरलं नाही. नोकरीचं पत्र कोण देणार, बैल?

राहिलं स्टेटमेंट. ते काढून आणलं आणि मीच घाबरलो. मे महिन्यात पीक कर्ज उचललं, जूनमध्ये बियाणं-खतात गेलं, मग निंदण, डवरण, फवारणी. जमेच्या बाजूला त्या कर्जाशिवाय ऑगस्टमध्ये पीएम किसानचे 2,000 रुपये, बस. शिल्लक 11,340. जानेवारीत कापूस सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) दोन खेपेत साठ क्विंटल दिला होता, 7,521 च्या हमीभावानं साडेचार लाखाच्या आसपास आले होते, पण ते या सहा महिन्यांत दिसतच नाहीत.

एजंट म्हणते, काही टेन्शन नाही, पंधरा दिवसांसाठी खात्यात पाच लाख टाकून देतो, टक्केवारी द्या, मागचे रिटर्नही 'बनवून' देतो. घरी सांगितलं तर बाबा भडकले. 'दुसऱ्याचा बैल आपल्या दावणीले बांधून फोटो काढाचा काय?'

मलाही ते पटत नाही. पण मग खरं दाखवायचं तर कसं दाखवायचं? आणि सातबारा मराठीत आहे, तो तिथं चालतो का? कोणी शेतीवाल्या आई-बाबांना नेलं असेल तर सांगा.

बडनेऱ्याचा पाहुणा

पाच लाखवाल्याच्या गल्लीतही जाऊ नको भाऊ. माझ्या मामेभावानं हेच केलं होतं. महिनोन्‌महिने खात्यात दहा-बारा हजार आणि अर्जाच्या आठ दिवस आधी एकदम चार लाख. नकार आला. छापील फॉर्म असतो, त्यातल्या कारणांवर खुणा केलेल्या असतात. त्याच्या फॉर्मवर दोन खुणा होत्या : दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही, आणि परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका आहे. 90 युरो फी गेली, ती परत मिळत नाही. वर तो नकार त्यांच्या संगणकात पाच वर्षं राहतो. दुसऱ्या शेंगेन देशाकडे (एकाच व्हिसावर फिरता येतं असे युरोपातले देश) अर्ज केला तरी त्यांना दिसतो.

वणीची काकू

बाळा, आमचे हे आणि मी मागच्या वर्षी लेकीकडे जर्मनीतच जाऊन आलो. आमचंही सारं शेतीवर, त्यामुळं तुझं वाचून हसू पण आलं आणि पोटात गोळा पण आला. सगळा घोळ महिन्यांचा आहे. मे ते ऑक्टोबर म्हणजे आपल्या घरून पैसा बाहेर जायचे दिवस. मुंबईत बसलेल्या साहेबाला हे कोण सांगणार? तू मागच्या डिसेंबरपासूनचं स्टेटमेंट काढ. मागतात त्याहून जास्त महिन्यांचं दिलं तर कोणी नाही म्हणत नाही. कापसाची जमा रक्कम पेन्सिलनं खुणव आणि तिच्यामागं खरेदी केंद्राची पावती लाव. तारीख आणि रक्कम जुळली की त्या पैशाला बाप मिळाला! सोयाबीन-तूर बाजार समितीत विकली असेल तर अडत्याची पट्टी लाव. पीक कर्जाच्या जमेसमोर 'हे कर्ज आहे' असं स्वतःच लिहून टाक. मार्चमध्ये नवं-जुनं (जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलणं) केलं असेल तर खात्यात एकाच आठवड्यात पैसे गेलेले आणि आलेले दिसतात, तेही सांग. नाही सांगितलं तर ते मामेभावाच्या पैशासारखं वाटते.

आमच्या शाखेत आधी पासबुकच छापून हातात दिलं होतं. ते चालत नाही. स्टेटमेंट माग, पानापानावर शिक्का आणि सही घे. त्यासाठी मला तीन चकरा पडल्या, कारण साहेब एकदा जेवायला, एकदा मीटिंगला आणि एकदा वसुलीला.

रिटर्नचं मनावर घेऊ नको. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, एवढी एक ओळ पत्रात लिही आणि सोबत तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लाव. सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनीचा उतारा) डिजिटल सहीचे ऑनलाइन काढ, पंधरा-पंधरा रुपयांत मिळतात. मराठी कागद तसाच देऊ नको, इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या शिक्क्यानिशी सोबत जोड. आमच्या जुन्या सातबाऱ्यावर नावात 'वल्द' (म्हणजे अमक्याचा मुलगा) होतं. त्या पोरानं 'वल्द' हे मधलं नाव समजून तसंच छापून आणलं. पुन्हा करून घेतलं. माझ्या नावापुढं पासपोर्टवर 'बाई' आहे, आधारवर नाही, मग दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र केलं. तुमच्याकडेही असंच काहीतरी निघंल, आत्ताच सगळे कागद एका खाटेवर मांडून अक्षर न अक्षर जुळवून घे.

आता मुख्य कागद, ते म्हणजे पत्र. आम्ही आधी मराठीत लिहिलं, मग भाच्यानं इंग्रजी केलं. किती जमीन, काय पेरतो, जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरपासून वेचा, जानेवारीत हातात पैसा, एप्रिल-मेमध्ये मशागत, म्हणून अमुक तारखेला परत येणार. एका पानात. तुमच्या घरी तू आहेस, बैल आहेत, कर्ज आहे, हे सगळे परत यायचे दोरच आहेत. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. मुंबईला व्हिसाच्या केंद्रात दहाही बोटांचे ठसे घेतात आणि दोघांना स्वतः जावं लागते. कापूस वेचून वेचून आपल्या बोटांचं काय होते माहीत आहे ना? बोंडाची टोकं लागून सालटं निघतात. मला रेशन दुकानातच अंगठा लागत नाही. माझे ठसे मशीननं चार वेळा घेतले, मागं रांग. तेव्हा आईला आठ-दहा दिवस वेच्याला जाऊ देऊ नको. रोज रात्री खोबरेल तेल चोळ म्हणा. एकदा ठसे दिले की 59 महिने पुन्हा बहुतेक द्यावे लागत नाहीत.

विदर्भ एक्सप्रेसनं संध्याकाळी वर्धेहून बसले की सकाळी मुंबई. पण गाडीचा भरवसा धरून नऊची वेळ घेऊ नको, अकरानंतरची घे.

श्टुटगार्टची सून

मी मूळची पुसदची, इथं सहा वर्षं झाली. धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्या ताईनं अजून केलं नसेल तर आजच एक काम करायला सांगा. इथं 'फेरप्फ्लिश्टुंग्ज-एर्क्लेरुंग' नावाचा कागद असतो. (माझ्या सासऱ्यांनी त्याचं नाव 'लांबलचक' ठेवलं होतं, घरात आम्ही अजून तेच म्हणतो.) पाहुण्यांचा राहण्याचा, जेवणाखाण्याचा, दवाखान्याचा खर्च माझ्यावर, असं ताई किंवा भाऊजी इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन लिहून देतात. पगाराच्या पावत्या दाखवाव्या लागतात, फी 29 युरो. तो असला की बाबांच्या 11,340 वर एवढा भार येत नाही. पण मूळ प्रतच लागते, फोटो चालत नाही, म्हणून कुरिअरचे दिवस धरा. आणि तो सहा महिन्यांच्या आत वापरावा लागतो. इथल्या कार्यालयात वेळ मिळायला आठवडे जातात.

ताईच्या 'मुटरपास'ची प्रत जोडा. ती गरोदरपणाची नोंदवही असते, त्यात प्रसूतीची तारीख असते, म्हणजे फेब्रुवारीच का हे वेगळं सांगायला नको.

मुक्कामाचं गणित : कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस, जायचा आणि यायचा दोन्ही दिवस धरून. 25 जानेवारी ते 20 एप्रिल धरलं तर 86 होतात, ठीक. ताईला सहा महिने मदत हवी असेल तर आधी आई आणि मग सासूबाई, इथं सगळ्यांचं असंच चालते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निकालाला साधारण पंधरा दिवस, पण 45 पर्यंतही लांबू शकते. म्हणून नोव्हेंबरच गाठा. तिकिटाचं फक्त आरक्षण दाखवा, पैसे भरून बसू नका.

अजून एक. नकाराविरुद्ध इथं पूर्वी फेरविचाराचा अर्ज करता यायचा, तो 1 जुलै 2025 पासून बंद झाला. आता नव्यानं अर्ज करा, नाहीतर कोर्टात जा. म्हणून पहिलाच नीट.

आणि भाषांतरावर नजर ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका मावशींच्या पत्रात 'लेकीचं बाळंतपण करायला जाते' याचं इंग्रजी असं झालं होतं की मावशी जर्मनीत सुईणीची नोकरी करायला निघाल्या आहेत! लेकीला आणि नातवंडाला भेटायला, एवढंच लिहा.

धुऱ्यावरचा

काकू, ताई, बडनेऱ्याचे भाऊ, काय बोलू. काल रात्री खाटेवर कागद मांडले. आधारवर बाबांच्या जन्माचं फक्त वर्ष आहे, पासपोर्टवर पूर्ण तारीख. सातबारा काकाच्या नावासोबत सामाईक निघाला. आईचं काकूंसारखंच, 'बाई' एकीकडे आहे, एकीकडे नाही.

विम्याचं पण पाहिलं. 30,000 युरोचं संरक्षण, पूर्ण मुक्कामभर आणि सगळ्या शेंगेन देशांत लागू. त्याची माहिती आईला वाचून दाखवत होतो, त्यात मृतदेह मायदेशी आणायचा खर्च आला. आई पदर तोंडाला लावून म्हणे, 'पोरीच्या बाळंतपणाले चाललो अन् हे अभद्र काहून लिहिते?' बाबांनी तो कागद उलटा करून ठेवला.

सामाईक सातबाऱ्याचं काय करू? आणि बाबा टोपी काढायला तयार नाहीत, फोटोत चालंल का?

वणीची काकू

आधारवरची जन्मतारीख आधी पूर्ण करून घे, पुरावा पासपोर्टच. सामाईक असला तरी आठ-अ वर बाबांचा हिस्सा पाहा आणि पत्रात तेवढीच जमीन लिही, पूर्ण बारा एकर लिहू नको. हेक्टर-आर जसं छापलं असंल तसंच उतरव.

टोपी काढावी लागंल. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, मागं फिकट रंग. गावातल्या स्टुडिओवाल्याला आधीच सांग की गोरं करू नको. यांचा त्यानं इतका गोरा केला होता की मी ओळखलं नाही.

धुऱ्यावरचा

बाबा तयार झाले, पण काढलेली टोपी फोटो होईपर्यंत हातातच धरून बसणार म्हणतात. उद्या हिंगणघाटला बँकेत जातो, परवा तलाठी येतात.

शेवटचं एक. आईनं आत्तापासून डिंकाच्या लाडवांचं सामान आणि घरचं तूप पाच किलो काढून ठेवलं आहे. ते नेता येते ना?

श्टुटगार्टची सून

तूप नाही. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात. डिंक, खारीक, मेथ्या, सुंठ आणा. लोणी इथं दुकानात मिळते, तेच कढवून तूप करायचं. माझ्या आईनं इथंच लाडू वळले होते.

धुऱ्यावरचा

सांगितलं. आई विचारते, तिकडच्या लोण्याचं तूप रवाळ निघते का?